पत्रा तोच, मुलगा दुसरा

तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरून छापणाऱ्या म्हाताऱ्यानं यंत्रातून काढलेला ओला कागद माझ्यासमोर धरला.

"हे चित्र आमचं नाही," मी म्हणालो.

"तुमचंच, धाकटे मालक. सोळाशे चाळीस सालचं. वडील आणि मुलगा."

वडील तेच होते. गळ्याभोवती तीच चुणीदार कॉलर, मुलाच्या खांद्यावर तोच हात. तो खांदा माझा, कोटाची बटणंही माझी. पण मानेवर तोंड चुलतभावाचं होतं, गुबगुबीत आणि हसरं. मोलकरणीशी लग्न केलं म्हणून बाबांनी मला हाकललं होतं. दोन वर्षांनी ॲन्टवर्पला आलो होतो ते एवढ्यासाठीच, की तान्ह्या लेकीला आजोबा निदान कागदावर तरी दाखवता यावेत.

"माझा चेहरा कुठंय?"

"खरवडला. तांबं घासून सपाट केलं, पत्रा पुन्हा आम्लात बुडवला आणि नवा चेहरा उठवला. तसा हुकूमच होता. पत्रा तोच ठेव, मुलगा बदल."

"हुकूम त्या चुलतभावाचा असणार, हरामखोराचा! बाबा रागावले असतील, पण असलं काही करणार नाहीत. त्यांना पत्ताच नसेल!"

म्हाताऱ्यानं शाईचे हात फडक्याला पुसले. माझ्याकडं बघायचं त्यानं टाळलं.

"मोठे मालक इथंच बसले होते, या स्टुलावर. तुमचा चेहरा खरवडून झाला म्हणून मी हत्यार खाली ठेवलं, तर त्यांनी भिंग मागितलं. पत्र्यावर बोट ठेवून म्हणाले, 'डावा डोळा राहिलाय. बघतोय अजून. तोही काढ.'"