आईची बाईट

कॉलेजच्या भित्तिपत्रकातून थेट वृत्तवाहिनीवर पोचलेल्या सौरभचा सकाळी पौडच्या कॉलेजात सत्कार झाला. शाल खांद्यावरून उतरते न उतरते तोच ऑफिसचा फोन आला, “तिथेच आहेस ना? शेजारच्या कासार आंबोलीचा पोरगा कंपनीतल्या अपघातात गेलाय. त्याच्या आईला बोलतं कर, कॅमेऱ्यासमोर तिची बाईट हवी.” गेली कित्येक वर्षं तो आयांना बोलतंच करत आला होता. आजही त्यानं त्या पोराच्या घरच्या अंगणात थकल्या हातानं माईक पुढे धरला. पोराच्या आईनं, सगुणाबाईंनी, मान वर केली. “तू सौरभ न्हवं? तुझ्यामागं कालेजातला त्यो भिंतीवरचा पेपर माझा किशोर लिवायचा. म्हनायचा, आये, मीबी सौरभदादावानी टीव्हीवर दिसनार.” इयरफोनमधून ऑफिस विचारत होतं, “रडतेय का ती? लाइव्ह घेऊ?” कॅमेरामन त्याच्याकडे बघत राहिला. “घराला कुलूप आहे,” सौरभ ऑफिसला म्हणाला. माईक बंद करून तो सगुणाबाईंशेजारी ओट्यावर टेकला.