दहा खणांना दहा मुठी

“एका ओट्याखाली दहा खण, आणि दहांना दहा तऱ्हेच्या मुठी?” म्हाताऱ्या गवंड्याने विचारलं. “सुताराकडचा उरलासुरला माल गोळा करून आणलास का गं?”

सून हसली. सुतार हसला नाही, त्याच्या तोंडात स्क्रू होते.

“बाबा, आजकाल अशीच फॅशन आहे.”

फॅशन! गेले दोन महिने ही फॅशनबाई पाहुणी म्हणून घरात शिरली होती आणि निघायचं नाव घेत नव्हती. पोरीने मोबाईलवर काय काय पाहिलं होतं कोण जाणे. ओटा काळाकुट्ट, त्याला पिवळीधमक कड, आणि ती कडही बोटभर वर उचललेली. शेगडीच्या बटणांवर मणी चिकटवलेले, जणू शेगडीचं लग्न ठरलंय. मागच्या अंगणाची तर शोभाच झाली होती. चाळीस वर्षं ज्याच्या हाताखालून एक फरशी वरखाली गेली नाही, त्याच्याच घरात पायरीच्या अलीकडे हातभर रुंद गोट्यांचा पट्टा. दारापासून बाकापर्यंत कमरेच्या उंचीवर जाडजूड दोर. दाराशी पुदिना, वळणावर गवती चहा, बाकाशी मोगरा. बाकाच्या डोक्यावर वाऱ्याने किणकिणणारी घंटा.

“जहाज कधी लागणार आहे इथे?” दोर पाहून त्याने विचारलं होतं. मुलाकडे तक्रार केली, तर तो म्हणाला, “तिला आवडतंय ना, करू द्या.” लग्नानंतर मुलाने तेवढं एकच वाक्य पाठ केलं होतं.

पण गवंड्याची खरी धास्ती वेगळीच होती. त्याच्या बायकोला दिसत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी नजर मंदावली ती मंदावतच गेली. डॉक्टरांनी सांगितलं, आता परत यायची नाही. ही गोष्ट घरात दोघांनाच ठाऊक. कारण तिच्या थोरल्या बहिणीचे डोळे गेले तेव्हा मुलांनी तिला इतकं जपलं, इतकं जपलं, की खुर्चीतून उठू दिलं नाही. हातात साधा चमचा दिला नाही. सगळ्या गावाने मुलांचं कौतुक केलं. वर्षभरात ती बाई बोलायचीही थांबली.

“मला तसं जपू देऊ नका हो,” बायको म्हणाली होती. “माझा ओटा गेला की मी गेले.”

मग त्याने युक्ती काढली. ती स्वयंपाकाला लागली की हा शेजारी स्टुलावर पेपर घेऊन बसे. तिचा हात डब्यावर पडला की हा खोकायचा. एकदा म्हणजे मीठ. दोनदा म्हणजे साखर. तीनदा म्हणजे हात मागे घे, भांडं तापलंय. तीन वर्षांत कुणाला पत्ता लागला नाही. आपण गवंडी झालो ते चुकलंच, नाटकात जायला हवं होतं, असं त्याला अधूनमधून वाटे.

भुर्दंड एकच पडला. सून सकाळ-संध्याकाळ पेलाभर कडूजहर काढा आणून द्यायची. “बाबा, तुमचा खोकला काही हटत नाही,” म्हणायची, आणि शेवटचा घोट गळ्याखाली उतरेपर्यंत समोर उभी राहायची. हाही निमूट प्यायचा. खोकला खोटा आहे हे सांगतो कुणाला?

आणि आता जुने डबे गेले होते. कुठल्या खणात काय ठेवलंय ते त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. खोकणार तरी कशाच्या जोरावर?

सुताराने शेवटची मूठ बसवली, हत्यारं आवरली आणि तो गेला. सून म्हणाली, “आई, नव्या ओट्यावरचा पहिला चहा तुमच्या हातचा.”

गवंडी घाईने पुढे झाला. “मी करतो की आज.”

“तुम्ही? बाबा, जन्मात कधी पाणी तरी उकळलंय का?”

बायको उठली. तिचा हात उंच कडेवरून सरकत गेला आणि शेगडीशी थांबला. बोटाने मणी शोधला. पाणी चढलं. मग ती वाकली. बोटं मुठींवरून फिरू लागली. लाकडाची. पितळेची. शिंपल्याची. शिंपल्यावर ती थांबली.

गवंड्याने घाईने पेपर उचलून तोंडापुढे धरला. तो खोकला. एकदा, दोनदा, मग मोजायचं भानच राहिलं नाही.

“अहो, पुरे,” बायको म्हणाली. “शिंपला मिठाचा, दोरी साखरेची. आठवडाभर सूनबाईकडे घोकतेय मी.” तिने दोरीची मूठ ओढली आणि कपात दोन चमचे साखर टाकली. एक दाणा सांडला नाही.

मग चहा गाळून तिने आपला कप उचलला आणि ती मागच्या दाराने अंगणात निघाली. पुदिन्याशी थांबून तिने दोर धरला. वळणावर गवती चहाचा वास आला तशी वळली. पायाखाली गोटे लागले, तशी हळूच पायरी उतरली. घंटेच्या आवाजाकडे चालत गेली आणि मोगऱ्याशेजारी बाकावर जाऊन बसली. एकटी. चहाचा थेंब न सांडता.

गवंडी दारातच उभा होता.

“तुला कधी कळलं?” शेवटी त्याने सुनेला विचारलं.

“तुम्ही खोकायला लागलात त्याच आठवड्यात.”

“मग तीन वर्षं तो काढा कशाला पाजलास?”

“तो होय?” सून कप विसळत म्हणाली. “तो दंड होता, मला सांगितलं नाहीत त्याचा.”