पावलांच्या मापाचे पैंजण

काडीमोड झाला तेव्हा चंपी दुधनीला बापाकडंच राहिली आणि तिची आई वच्छला सोलापुरात गिरणीकामाला लागली.

दरवर्षी गौरी यायच्या दिवशी वच्छला उंबऱ्यापासून चुलीपर्यंत रांगोळीनं पावलं काढी. हात धुऊन वळावं, तर शेजारी एका पोरीची ओली पावलं. आत येऊन परत गेलेली. दरसाल बोटभर वाढलेली. वच्छला हरखून त्या मापाचे पितळी पैंजण आणी आणि फडताळात ठेवी.

"भ्या न्हाय वाटत?" शेजारच्या रत्नम्मानं विचारलं.

"लेक माहेरी येती, तिचं कसलं भ्या?"

यंदा पावलं आत आली, ती परत गेलीच नाहीत.

वच्छलानं हसत दाराला कडी घातली आणि शेपू-भाकरीची दोन ताटं वाढली.

मागं पैंजण वाजले. सगळ्या वर्षांचे, एकदम.