कडुनिंबाचा आडोसा

वादळात पडलेलं कडुनिंबाचं झाड चंपतरावांनी विकलं नाही. माशांच्या पिल्लांना दडायला जागा व्हावी म्हणून ते अख्खं खोड त्यांनी कळमेश्वरजवळच्या ओढ्यात टाकलं. शेजारच्या जितेंद्रनं खांदा दिला, नारळही त्यानंच फोडला आणि पिल्लं मोठी होईस्तोवर इथं कोणी जाळं टाकायचं नाही, अशी गावाला आण घातली.

दसऱ्यानंतर जितेंद्रच डबा घेऊन आला. करंगळीएवढ्या, कुरकुरीत तळलेल्या मासोळ्या. चंपतरावांनी आवडीनं चार खाल्ल्या.

"कोणत्या बाजारातून आणल्या गा?"

"बाजार कायचा, काका? आपल्याच लिंबाखालच्या. पयले सारा ओढा धुंडा लागे, आता साऱ्या एकाच जागी भेटतेत."

पाचवी चंपतरावांच्या हातातच राहिली.

"अन् मंग नारळ काहून फोडला होता?"

"दुसऱ्या कोणी जाळं टाकू नये म्हणून."