उदाहरणासाठी लांब कशाला

दुसरा चमचाही गळाला. सूप ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आणि तिथून गळ्याच्या वळीत उतरलं. सुनेने ते टॉवेलने पुसलं. टॉवेलला आंबूस वास येत होता. कालच धुतला होता, पण या खोलीत धुतलेलं काही टिकत नसे. सासरे छताकडे बघत पडले होते आणि स्टुलावरच्या टेपमधून तेच सासरे गरजत होते, "ध्येय ठरवा! देवावर भार टाका! जो पडून राहिला, तो संपला!"

पडून राहिलेल्याच्या तोंडात तिने तिसरा चमचा घातला.

मनातल्या मनात ती सासऱ्यांना भोंगा म्हणे. श्रद्धा, ध्येय आणि चिकाटी यांवर भोंगा आयुष्यभर वाजला. सभागृहं भरायची. लोक रडवेले यायचे, मान ताठ करून जायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा रडवेले यायचे. मग अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ज्या तोंडावर घर चाललं, त्या तोंडातून आता नुसती लाळ येत होती.

पुढच्या खोलीत नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. लोकांना जवळचं-लांबचं दाखवणारा माणूस. घरातलं तेवढं त्याला दिसत नसे. त्याने नेमच धरला होता. बाबा उठून बसेपर्यंत दिवसभर त्यांचं भाषण चालू ठेवायचं, त्यांचाच आवाज त्यांना उठवील. टेप थांबला की दुकानातून हाक यायची, "आवाज का थांबला गं?"

आणि भाषण तरी कुठलं? सगळ्यात गाजलेलं. त्यात मध्यावर भोंगा आवाज खाली आणून म्हणे, "आता उदाहरणासाठी लांब कशाला जायचं? आमच्या घरातच आहे. आमच्या सूनबाई. दोनदा पाळणा हलता हलता राहिला. का? इच्छा होती, औषधं होती. श्रद्धा कमी पडली!" मग टाळ्या. त्या टाळ्यांत तिची स्वतःचीही एक होती. पहिल्या रांगेत बसली होती, सगळे तिच्याकडेच बघत होते, मग करते काय?

"दुसरी कॅसेट लावा," तिने नवऱ्याला सांगून पाहिलं होतं.

"अगं, त्यात तुझं नाव कुठे घेतलंय? नुसतं सूनबाई म्हटलंय."

"तुम्हाला भाऊ किती?"

एकुलता एक मुलगा चष्म्याची काच पुसत राहिला.

टेप बंद करायची सोय नव्हती, म्हणून तिने आपल्यापुरती एक युक्ती काढली. ते 'लांब कशाला' आलं की ती पायाने स्टूल जरा पलीकडे सरकवायची. रोज थोडं. आवाज तेवढाच कमी, शिसारी तेवढीच कमी.

पण नेमकी त्याच वेळी दुसरी एक किळस सुरू व्हायची. सासऱ्यांचा डावा हात. तो चादरीवरून खेकड्यासारखा सरपटत पलंगाच्या कडेशी येई आणि हवेत उठे. हा हात तिच्या ओळखीचा होता. टाळ्या पडल्या की व्यासपीठावर तो असाच उठायचा, पुरे पुरे म्हणत आणखी मागायचा. ढुंगणाखालचं दुसऱ्याने काढावं लागतंय, आणि याला अजून टाळ्या हव्यात!

व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई मात्र खूश होत्या. "हात रोज पुढे जातोय हो! काय करता काय तुम्ही?"

"श्रद्धा," नवरा म्हणाला होता.

आज स्टूल पार भिंतीला टेकलं. आता सरकवायला जागा नव्हती. चौथा चमचा तिने वर उचलला आणि टेपमधला आवाज खाली आला. "आता उदाहरणासाठी लांब कशाला जायचं?"

हात निघाला. घ्या टाळ्या, ती मनात म्हणाली. पण हात वर गेला नाही, पुढे गेला. मागोमाग खांदा गेला, मान गेली, सगळं धूड कुशीवर वळलं. वाटी उलटली, सूप तिच्या मांडीवर सांडलं. म्हातारा पडतोय म्हणून तिने त्यांना कमरेला धरलं. त्यांचं एक बोट टेपच्या बटणावर थरथरत होतं.

"आमच्या घरातच आहे. आमच्या सू..."

खट्.

टाळ्या अजून व्हायच्या होत्या. तिला एकदम उमगलं, हात रोज टाळ्यांच्या आधीच निघत होता. वाकड्या तोंडाने, लाळ गाळत, सासरे तिच्याकडे बघत होते.

"आवाज का थांबला गं?" नवरा दारात आला.

"बाबांनी बंद केला."

"बाबांनी? स्वतःच्या हाताने?" त्याने म्हाताऱ्याला सरळ केलं, तो हात उचलून नीट गादीवर ठेवला, त्याला नमस्कारही केला. "बघितलंस? भाषणाचा गुण आहे हा! आता खंड पडू द्यायचा नाही." त्याने बटण दाबलं आणि तो गिऱ्हाइकाकडे पळाला.

"...नबाई. दोनदा पाळणा..."

गादीवर बोटं पुन्हा हलायला लागली. भिंत फार लांब होती. तिने सासऱ्यांची हनुवटी पुसली. मायेने वगैरे नाही, खरकटं ताट पुसावं तशी. मग पाय लांब करून तिने स्टुलाचा पाय अंगठ्यात धरला आणि ते पलंगाकडे ओढलं, त्यांच्या बोटांना टेकेपर्यंत.