शुभंकरचा खिळा

"शुभंकरचं हेल्मेट तुमच्याकडं हाय म्हणत्यात."

आलं किसता किसता कांताबाईंचा हात थांबला. टपरीसमोर पन्नाशीचा माणूस उभा होता. अंगात एसटी ड्रायव्हरची खाकी, डोकं भादरलेलं, त्यावर केसांची बारीक खुंटं आलेली. बाप कोणाचा ते विचारायची गरजच नव्हती. पंधरा दिवसांपूर्वी पोरगा इथून दीड किलोमीटरवर, याच नगर रस्त्यावर अपघातात गेला होता.

"बसा, भाऊ," कांताबाई म्हणाल्या. त्यांनी बाकावर चहाचा कप ठेवला.

त्यांच्या मागे फळीवर चाळीसेक खिळे होते, आणि एरवी खिळ्याखिळ्याला हेल्मेट. आज पेपर होता, बहुतेक पोरं सकाळीच घेऊन गेली होती. पोरं रस्त्यावर मरतात म्हणून टपरीसमोरच्या वाघोलीच्या कॉलेजानं नियम केला होता : डोक्यावर हेल्मेट नसेल तर गाडी गेटच्या आत नाही. नियम चांगलाच. पोरांनी त्याची पार वाट लावली. घरून उघड्या डोक्यानं यायचं, टपरीवर हेल्मेट चढवायचं, गेटवरच्या सरांसमोरून ऐटीत आत जायचं आणि सुटल्यावर परत खिळ्याला. गेटपासून पार्किंगपर्यंत शंभर पावलं, तेवढ्यापुरती सगळी सुरक्षितता! आणि खिळे ठोकून घेतले होते खुद्द कांताबाईंनी. परीक्षेच्या दिवशी एका पोरीला गेटवरून परत पाठवलं, ती बाकावर बसून रडली, यांना राहवलं नाही. प्रत्येक खिळ्याखाली त्यांनी खडूनं नाव लिहिलं होतं.

"पोलीस म्हणले, डोक्यावर काय न्हवतं," शुभंकरचे वडील सर्जेराव सांगत होते. "भांडलो मी त्यांच्याशी. म्हणलं, गाडीच्या आधी हेल्मेट घेतलंय मी पोराला. त्याबिगर तो गाडीला हात लावायचा न्हाई. तुमच्यातल्याच कुणीतरी ढापलं आसंल."

कांताबाईंनी शुभंकरच्या खिळ्यावरून हेल्मेट काढलं. काळं, कोरं करकरीत. काचेवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा अजून निघाला नव्हता.

"घ्या. जसंच्या तसं आहे. माझ्याकडून आजवर एकही हेल्मेट हरवलं नाही."

रोजच्या सवयीनं बोलून गेल्या आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्या मेल्या जिभेला काही हाड!

"त्या दिवशी बी हितंच होतं?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्या डोळ्यांपुढे ते जमेना. "हो. दुपारी जाताना त्यानं माझ्या हातात दिलं. मीच अडकवलं, भाऊ."

सर्जेरावांनी हेल्मेट हातात घेतलं. त्यांनी एक मुस्काटात ठेवून दिली असती, तर बरं वाटलं असतं कांताबाईंना.

तेवढ्यात एक बाईक कच्चकन थांबली. "मावशी, पटकन हेल्मेट! कुणाचंही चालेल. साडेदहाला पेपर आहे, गेटवर सर उभे आहेत."

"नाही मिळणार."

"काय?"

"बंद. आजपासून कुणालाच नाही."

"अहो मावशी, आजच काय? तो झेरॉक्सवाला पण हेल्मेटं ठेवतो, पण त्याचं दुकान उघडलं नाही अजून. प्लीज ना!"

"नाव काय रं तुझं?" सर्जेरावांनी विचारलं.

"आयुष."

"हिकडं ये." त्यांनी आपल्या हातानं ते काळं हेल्मेट त्याच्या डोक्यावर चढवलं, हनुवटीखाली पट्टा लावला, ओढून बघितला. "बरोबर बसतंय. तुझंच हाय आता. घरी जाताना घालायचं. उद्या बी, परवा बी. काय?"

"हो काका. थँक्यू काका!"

बाईक गेटातून आत गेली. सर्जेराव बाकावर बसले ते उठलेच नाहीत. पुढ्यातल्या चहावर साय धरली. मध्येच एकदा म्हणाले, "तीस वर्सं गाडी चालवतोय. कुणाला धक्का न्हाई लागला माझ्या गाडीचा." कांताबाईंनी मान हलवली. चाळीसातलं एक डोकं तरी झाकलं, एवढ्यावर त्या मन घट्ट करून होत्या.

दीडला पेपर सुटला. पोरं येऊ लागली. कांताबाई खिळ्यांपुढे आडव्या उभ्या राहिल्या. "घालून जा रे! हात जोडते तुम्हाला!"

"उद्यापासून, मावशी. आज फार उकडतंय." एकेक जण त्यांच्या बाजूनं हात घालून हेल्मेट अडकवत गेला. खिळे सगळ्यांना पाठ होते.

आयुष शेवटी आला. सर्जेरावांना बघून त्यानं बाईक बाजूला घेतली, खाली उतरला, पट्टा काढला. रुमालानं हेल्मेट नीट पुसलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"बरं झालं काका, भेटलात. एवढं महागाचं, मला कशाला? अगदी जपून वापरलं. बघा, एक ओरखडा नाही."

"आरं, तुला दिलं हुतं ते—"

पण गाडी सुरू झाली होती. केस उडवत आयुष नगर रस्त्याला लागला.

सर्जेरावांनी हेल्मेट हातात फिरवून फिरवून बघितलं. काच बघितली, कडा बघितल्या. पोरगं खरं बोलत होतं. कुठंच ओरखडा नव्हता.