दादांचा हेडफोन

नवरा रोज तासन्‌तास ज्यांच्याशी फोनवर गप्पा मारायचा, ती मंडळी तो गेल्यावर भेटायला आली तेव्हा वहिनींना जरा बरं वाटलं. घरात दादांनी कधी धड तोंड उघडलं नव्हतं. माणूस होता तरी कसा, हे निदान आता या लोकांकडून कळेल असं त्यांना वाटलं.

चौघेही एकाच कंपनीच्या हेडफोनचे भक्त. टेबलावर दादांचा हेडफोन दिसला आणि सांत्वन दारातच राहिलं.

“काय जपलाय हो! कानांवरच्या गाद्यासुद्धा मूळच्याच.”

“याचा खर्ज ऐक, पार पोटात घुमतो.”

“बाकीच्या कंपन्यांनी गाशा गुंडाळावा!”

हेडफोन या डोक्यावरून त्या डोक्यावर फिरला. एकाने गादीला चिकटलेला पांढरा केस चिमटीत धरून खाली टाकला आणि बोटं सोफ्याला पुसली. वहिनींनी तो उचलून मुठीत घेतला. तरी त्यांनी विचारलंच, “तुमच्यात कसे होते हो ते?”

“दादा? अहो, कान म्हणजे कान! वायर बदलली तरी ओळखायचे.” आणि मग कोणती वायर चांगली, यावर चौघांची जुंपली.

निघाल्यावर त्यांच्यातला सगळ्यात वयस्कर दारातून परत फिरला. डोळे पाणावलेले, आवाज कातर. वहिनी श्वास रोखून उभ्या राहिल्या.



“वहिनी, ग्रुपवर श्रद्धांजली टाकतोय. हेडफोनचं मॉडेल, साल, सगळं लिहून झालंय. तेवढं दादांचं नाव सांगता?”